पदराच्या वर जाकीट

विमानतळावर मला सोडायला दोन गाड्या भरून माणसं आली होती. गौरी-गणपती नुकतेच उरकले होते, पाऊस थांबला होता आणि तो ओला उकाडा सुरू झाला होता. त्या उकाड्यात मी जाड लोकरीचा स्वेटर, वर साडी, वर शाल, पायात मोजे आणि हातात माकडटोपी अशी उभी. बॅगेत वजन बसेना, म्हणून जड होतं ते सगळं अंगावर चढवलेलं. माझी मोठी जाऊ यमुना मला पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"गो, तू मेलबर्नला पोचशील का नाय ते देवाला म्हायती," ती बोलली, "पण हितंच वाफेवर शिजून निघशील."

सगळे हसले, मीही हसले, आणि त्यातच आत जायची वेळ झाली. रडायचं राहून गेलं. ते मी विमानात बसल्यावर केलं, शेजारच्या बाईला वाटलं मला भीती वाटतेय. तिने मला गोळी दिली, लिमलेटची असते तशी.

आता आपल्याकडच्या बऱ्याच जणी लेकीसुनांकडे परदेशी जातात. खारघरहून, उलव्याहून, पार उरणहून मला फोन येतात, "मावशी, तिकडं काय घालायचं?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढते. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा कुठे चुकलं तर समोर बसून बोलतेय असं समजा. जी माणसं मागे राहिली त्यांनीही वाचावं, म्हणजे आम्ही तिकडे नुसत्या आरामात बसतो असं वाटायचं नाही.

आम्ही मूळचे खाडीकाठच्या गावातले. न्हावा शेव्याला बंदर आलं, आमच्या ह्यांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही पनवेलला आलो. म्हणजे घर सोडायची मला सवय होती असं म्हणायला हरकत नाही. पण ते सोडणं एका रिक्षाचं. कपडे तेच, हवा तीच. पनवेलला बाईला तीनच प्रकारचं नेसायचं माहीत असतं, रोजचं, लग्नाचं आणि दोरीवर न वाळलेलं. थंडी म्हणजे पौषात पहाटे पाणी भरताना अंगावर टॉवेल घ्यावा इतकीच.

आमचे हे गेल्यावर मी एकटीच होते. मुलगी वैशाली मेलबर्नला. तिला तिकडच्या एका हॉस्पिटलात कायमची नोकरी मिळत होती, पण दिवसाची. जावयांची शिफ्टही दिवसाचीच झालेली. नात मीरा तेव्हा साडेतीन वर्षांची, ती किंडरला जायची, म्हणजे आपली बालवाडी. ती दुपारी सुटायची. तिला आणायचं कोणी? माणूस ठेवणं परवडण्यातलं नव्हतं. वैशाली फोनवर म्हणाली, "आई, तू आलीस तर नोकरी घेते, नाहीतर सोडते." मी म्हटलं, घे. रोज दुपारी ट्रामने जायचं, पोरीचा हात धरायचा आणि यायचं. त्यात काय अवघड?

अवघड निघाले ते कपडे.

तिथली हवा मी सांगितली तर खोटी वाटेल. सकाळी दात वाजतात. अकराला ऊन पडतं ते आपल्या एप्रिलसारखं. दोनला वारा फिरतो, अंगावर पाण्याचे थेंब, आणि चारला परत काही झालंच नाही असं स्वच्छ. लोक एकावर एक पातळ कपडे घालतात. सकाळी सालं असलेला कांदा, दुपारी सोललेला. काढलेलं कमरेला बांधतात, पिशवीत कोंबतात, संध्याकाळी परत घालतात. वैशाली त्याला लेयर म्हणायची. मला आधी वाटलं ती केकबद्दल बोलतेय.

आता माझी गोष्ट. माझ्या आईचं एक सांगणं होतं, "पदर सगळ्यात वर. बाईच्या पदरावर काही चढू नये." आमच्याकडे सगळ्या तसंच करायच्या. स्वेटर असेल तर तो ब्लाउजवर घालायचा, मग साडीचा पदर त्याच्यावरून घ्यायचा आणि खांद्यावर स्वेटरसकट पिन मारायची. दिसतंही चांगलं. पनवेलला कधी अडचण आली नाही, कारण पनवेलला स्वेटर काढायची वेळ येईपर्यंत माणूस घरी आलेलं असतं.

एका रविवारी वैशाली मला रस्ता दाखवायला घेऊन गेली. मीरा बरोबर. निघताना गारठा होता, मी माझ्या पद्धतीने तयार. ट्राममध्ये बसलो आणि ऊन आलं. काचेतून सरळ अंगावर. मला घाम फुटला.

"आई, काढ ना स्वेटर."

"कसा काढू?"

"कसा म्हणजे?"

आता तिला ट्राममध्ये काय सांगू? स्वेटर काढायचा तर पिन काढायला हवी, पदर सोडायला हवा, समोर दोन बाप्ये बसलेले. मी म्हटलं, "राहू दे, मला थंडी वाजतेय." घाम नाकावरून खाली येतोय आणि मी म्हणतेय थंडी वाजतेय. मीरा माझ्याकडे बघतच राहिली.

उतरलो. दहा-वीस पावलं चालले असेन, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी फुटपाथवर बसले. मीराने माझा हात सोडला आणि ती घाबरून गाड्यांच्या रस्त्याकडे पळाली. वैशालीने तिला दंडाला धरून ओढलं.

घरी आल्यावर वैशालीने मला खुर्चीत बसवलं. मला पाणी दिलं, पंखा लावला. मग भांडी घासता घासता, पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाली, "आज मी होते. उद्या तू एकटी असशील आणि अशी बसलीस तर मीरा कुठे पळेल? मी हॉस्पिटलला नोकरी नको म्हणून कळवते, आई. तू महिनाभर राहा, फिर, मग जा."

ती रागावली नव्हती, हेच लागलं. रागावली असती तर भांडले असते. पण ती खरं बोलत होती. लेकीची नोकरी माझ्या एका पिनेवर अडली होती आणि हे मी जावयांना सांगूही शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नव्हतं, तेव्हा यमुनेला फोन लावला. ती अजून गावातच राहते, ओहोटीला खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जाते. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती सरळ म्हणाली, "मंग वरशी घाल. पदराच्या वर."

"आई म्हणायची..."

"तुझ्या आईला कुणी त्या गाडीत बसवलीवती काय? ती खाडीत उतरायची तवा पदर कुठं असायचा?"

"कमरेला."

"कमरेला, घट्ट खोचून. का? काम असायचं. मंग तुला नातीला आणायचं काम नाय हाय? शोभेला गेलीस काय तिकडं?" आणि मग ती हसलीच. "बाप्ये बघतील बोलते. साठीची झालीस, आता कोण बघतोय तुला?"

फोन ठेवला. मग जावयांचं एक जुनं जाकीट होतं, पातळ, पुढे चेन असलेलं, ते साडीवरून घालून पाहिलं. आरशात मी गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसासारखी दिसत होते. पण चेन ओढली की एका हाताने निघत होतं आणि पदर जागच्या जागी.

वैशालीला म्हटलं, अजून एकदा ने मला, मग काय कळवायचं ते कळव. त्या दिवशी ट्राममध्ये ऊन आलं तसं मी जाकीट काढलं. समोरच्या माणसाने मान वर केली, बाहेर बघितलं आणि स्वतःचंही जाकीट काढलं. बस. एवढंच झालं. खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं, एवढ्या वर्षांची लाज आणि बघायला कोणी नाही. वैशालीने नोकरी घेतली.

तेव्हा ज्या निघाल्यात त्यांनी ऐका. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन पातळ न्या, पुढून उघडणारे, आणि पदराच्या वर घाला. छत्री नेऊ नका, तिथला वारा ती उलटी करून हातात देतो. टोपीवालं पावसाचं जाकीट घ्या. साडीखाली बूट घाला, कोणी हसत नाही. निऱ्यांना आतून पिन मारा. आणि एक ध्यानात ठेवा, आपल्याकडे उत्तरेचा वारा थंडी आणतो, तिकडे तोच भाजून काढतो आणि दक्षिणेकडून गारठा येतो. हे मला समजायला वर्ष गेलं. पोरी मोबाइलवर बघतात, मी घरासमोरच्या निलगिरीच्या झाडाचा शेंडा कुठे वाकतो ते बघते.

महिनाभर राहून परत जा म्हटलं होतं, ती मी आता तिकडेच राहते. एक वर्ष सोडून पनवेलला येते. उलव्याच्या बाजूला इमारतींमागे इमारती झाल्यात, आमच्या गावाचा रस्ता मला रिक्षावाल्याला नीट सांगता येत नाही. यमुना दारातच असते. पाणी देते, चिंबोऱ्यांचा रस्सा करते, रात्रभर बोलते. पण आल्या आल्या विचारते, "किती दिस हायस?" चांगल्या मनाने विचारते. पाहुण्याला विचारतात ते, आणि दर वेळी मी परतीच्या तिकिटाची तारीख सांगते.

मीरा आता एकटी शाळेत जाते, तिला आणायला कोणी लागत नाही. पण सकाळी दप्तर अडकवून, मी चहा घेत खिडकीशी बसलेली असते तिथे येते आणि विचारते, "आजी, आज काय घालू?" मी निलगिरीच्या शेंड्याकडे बघून सांगते. ती तेच घालते आणि जाते.