एका टबातल्या लडी

रंगवलेलं सूत मी एकाच टबभर पाण्यात धुतलं. हिरव्या लडी आधी, तांबड्या मागून, पाणी तेच. वर शहाणपणा असा की उरलेलं लालभडक पाणी वाया जाऊ नये म्हणून शिकायला होते तिथल्या अंगणातल्या कढीपत्त्याला घातलं. झाड आठवड्याभरात वाळलं. तेवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं आधीच कळलेलं होतं.

नातवंडं विचारतात, आजी, तू कापडाचे नमुने काढायला कशी लागलीस? मी सांगते, धुता येत नव्हतं म्हणून. त्यांना थट्टा वाटते. आता सांगायलाही दम लागतो. डोळ्याला दोरा दिसत नाही, दुपारनंतर बोटं ऐकत नाहीत. एकदा लिहून टाकते, म्हणजे परत परत सांगायला नको.

लातूरचा नुकताच जिल्हा झाला होता. कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, नवे साहेब आले. नळ मात्र जुनाच राहिला, मर्जी असेल तेव्हा येणारा. पाऊस लागोपाठ दगा देत होता. आमचं गंजात, म्हणजे बाजारपेठेत, धान्याचं दुकान. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो, आईला अव्वा. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणात शिंपायला, हा घरात आप्पांचा कायदा. कुणी तांब्याभर पाणी सांडलं तर ते ओल्या फरशीकडे नुसते बघत उभे राहायचे. त्यापेक्षा रागावलेले परवडले असते.

शाळेत माझी चित्रकलेच्या ग्रेडची परीक्षा बरी गेली आणि मी हट्ट धरला, नांदेडच्या हातमाग केंद्रात शिकायचं. पहिलं वर्ष रंगाई-विणाईचं. दुसरं नमुने काढायचं, आधी कागदावर, मग मागावर. मला ते दुसरं हवं होतं. पहिलं म्हणजे नुसती हमाली, असं माझं ठाम मत. हमाली काय असते ते मला कुठं माहीत होतं.

"एक वर्स जा," आप्पा म्हणाले. "वर्साच्या शेवटाला आपल्या जिल्ह्याचं प्रदर्शन भरंल. तुझ्या कापडाला चार लोकांनी बरं म्हणलं तर दुसऱ्या वर्साचं बघू. न्हाई तर उदगीरचं स्थळ हायेच. मानसं चांगली हायेत."

नांदेडला मावशीकडे राहिले. गोदावरीचं गाव म्हणून मोठ्या आशेनं गेले. त्या वर्षी नदीत डबकी होती आणि डबक्यांत म्हशी. केंद्राच्या विहिरीला मात्र पाणी होतं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "लडी रंगवून झाल्या की टब बदलत राहायचं, खळबळत राहायचं. पाणी नितळ आलं की मगच थांबायचं."

बाकीच्या मुली टबावर टब ओतत होत्या. ते पाणी गटारीला जाताना मला बघवायचं नाही. काय ह्या उधळ्या, असं मनात म्हणत मी माझा एकच टब पुरवून पुरवून वापरला.

"नितळ आलं का गं?" बाईंनी लांबून विचारलं.

"हाव बाई," मी म्हणाले. टबात पाणी कसलं, जास्वंदीचा काढा.

शेजारच्या मागावर लोहा गावची एक मुलगी बसायची. ती म्हणाली, "तुझं सूत लई तांबडं दिसायलंय गं."

"मन लावून रंगवलंय," मी म्हणाले.

मग त्या सुताचा पलंगपोस विणायला घेतला. पांढऱ्या जमिनीवर तांबडा चौकडा, काठाला हिरवी पट्टी. विणता विणता अख्खा पावसाळा गेला, म्हणजे जो आलाच नव्हता तो. दिवसभर धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाय बधिर व्हायचे, खांदा रात्री कुशीवर वळू द्यायचा नाही, आणि मावशी ताट वाढून हाक मारायची तोवर मी भिंतीला टेकून झोपलेली. धागा तुटला की सांधायचा, सांधला की दुसरा तुटायचा. तो शिणवटा आजही कुठंतरी पाठीत बसलेला आहे असं वाटतं.

कापड मागावरून उतरलं की धुवून, खळ घालून मग इस्त्री करायची पद्धत. मी नुसती इस्त्री केली. मावशीचा नळ त्या दिवशी आला नव्हता, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

प्रदर्शन लातूरच्या एका शाळेत भरलं. माझा पलंगपोस खाटेवर अंथरलेला. आप्पा गंजातले निम्मे व्यापारी घेऊन आले. पांढरं धोतर, परीटघडीचा पांढरा सदरा. उकाडा असा की सदरा पाठीला चिकटलेला.

"हात लावू नये" अशी पाटी होती. "ती परक्यांसाठी," असं म्हणून आप्पा खाटेवर बसले. मग लोकांना पोत पटवून द्यायला चक्क आडवे झाले. "पडून बघा की. कसं थंडगार लागतंय."

ते उठले आणि सगळे त्यांच्या पाठीकडे बघायला लागले. आमच्या शेजारच्या दुकानातले पेंडवाले आधी बोलले. "मालक, पोरीनं नमुना तुमच्याच पाठीवर काढला की."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. आप्पा मान वळवून स्वतःची पाठ बघायला स्वतःभोवती फिरत होते. केंद्राचं कापड मांडायला आलेल्या बाई जवळ आल्या. त्यांनी सदरा बघितला, पांढऱ्यात उतरलेला तांबडा रंग बघितला, मग मला. "हाव बाई म्हणाली होतीस ना गं?" एवढंच म्हणून पुढच्या खाटेकडे गेल्या.

आप्पा भर गंजातून तसेच चालत घरी निघाले. मागून मी, वाटभर माझाच चौकडा वाचत. दोन उभ्या रेघा वाकड्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं.

घरी त्यांनी सदरा काढून अव्वाकडे दिला. तिनं बादलीत बुडवला, पाणी लाल. ओतलं, नवीन घेतलं, तेही लाल. आप्पा नुसत्या बंडीत उभे राहून बादलीकडे बघत होते, ओल्या फरशीकडे बघायचे तसेच. मी दमले होते. आता उदगीर तर उदगीर, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"सूत किती पान्यात धुतलं हुतंस?" त्यांनी विचारलं.

"एकाच. आपल्या घरी करतो तसं."

अव्वा आणखी पाणी घ्यायला वाकली होती. आप्पांनी तिला हातानं थांबवलं आणि पिळलेला सदरा माझ्या हातात दिला.

"पानी वाचवलंस ते माझं ऐकून. तवा ह्याच्यातला निम्मा डाग माझा. आता दुसऱ्या वर्साला नांदेडला परत जाशील तवा हा सदरा बी घिऊन जा. तिकडं हिरीला पानी हाय. नितळ येईस्तोवर धू, तवर हिकडं यायचं न्हाई."