चौदा वेळा नॉर्मल

"सेवेत रमलेल्या माणसाला थकवा शिवत नाही," ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष माइकवरून सांगत होते, आणि व्यासपीठावर माझ्या शेजारच्या खुर्चीत सत्कारमूर्ती गाढ झोपल्या होत्या. खांद्यावर नुकतीच मिळालेली शाल होती, मांडीवर सन्मानपत्र. शालीखाली, डाव्या दंडावर, माझ्या दवाखान्याचं बीपी मशीन होतं. भाषणाच्या ऐन मध्यावर ते घुर्र करून फुगलं. अध्यक्ष थांबले. मी पर्समध्ये फोन शोधल्यासारखं केलं. ते पुन्हा सुरू झाले. बाई जाग्या झाल्या नाहीत.

सत्कारमूर्ती म्हणजे गायकवाड बाई. डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या. यजमान मानपाड्याच्या एका कारखान्यात शिफ्ट फोरमन होते. सहा वर्षांपासून त्यांना डिमेन्शिया आहे. स्मृती हळूहळू जाते, अंगातली ताकद मात्र जागच्या जागी राहते. रोज दुपारी अडीचला ते सेकंड शिफ्टला निघतात. बाई 'आज वीकली ऑफ' अशी चिठ्ठी लिहून, खाली सही करून त्यांच्या हातात देतात. चिठ्ठी दहा मिनिटं चालते. मग दुसरी लिहायची. सत्कार याच सेवेचा होता.

सत्काराच्या पंधरा दिवस आधी बाई माझ्याकडे आल्या होत्या. जिना चढताना धाप लागत होती. मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवलं. रिपोर्टमध्ये डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलत राहिलं की हा स्नायू जाड होतो. दंडाच्या बाबतीत लोक याचं कौतुक करतात, हृदयाच्या बाबतीत करू नये. पुढे हार्ट फेल्युअर किंवा अर्धांगवायू होऊ शकतो. मग चिठ्ठी लिहायला कोणी उरत नाही.

अडचण अशी की माझ्या फाइलमध्ये बाईंचं बीपी नॉर्मल होतं. तीन वर्षांत चौदा वेळा मोजलं, चौदाही वेळा नॉर्मल. हृदय आणि फाइल यांपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं. मी संशय हृदयावर घेतला. इको दुसरीकडे पुन्हा करा, असं लिहायलाच घेतलं होतं.

"मॅडम, एक सांगू?" रिसेप्शनवरची प्रतिभा म्हणाली. "ह्या बाई नंबर आला तरी उठत नाहीत. मागच्याला पुढे पाठवतात."

"का?"

"मी पण विचारलेलं. म्हणाल्या, जाऊ दे गं त्यांना. इथे मला कोणी हाका मारत नाही."

मी पेन खाली ठेवलं. डॉक्टरला बघून बऱ्याच लोकांचं बीपी चढतं. त्याच्या उलटाही प्रकार असतो, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी वाढलेलं. त्याला लपलेलं बीपी म्हणू. बाई यायच्या शनिवारी, बाळकुमला राहणारा मुलगा वडिलांपाशी बसायला आला की. माझ्या एसीत तासभर निवांत बसायच्या आणि मग मी त्यांचं बीपी मोजायचे. आठवड्यातली त्यांची एकुलती एक सुट्टी मी चौदा वेळा मोजली होती.

उपाय म्हणजे चोवीस तासांचं मशीन. दिवसा दर अर्ध्या तासाने, रात्री दर तासाने ते आपोआप फुगतं. सोबत एक डायरी देतो. त्या वेळी तुम्ही काय करत होता, ते तिच्यात लिहायचं. मशीन मोकळं होतं गुरुवारी.

"गुरुवारी सत्कार आहे हो माझा," बाई म्हणाल्या. "समोरच्या सुर्वे काकू ह्यांच्यापाशी दोन तास बसणार आहेत."

"मशीन घालूनच जा."

"बरं दिसेल का ते?"

"शाल देतील ना? झाकून जाईल."

शुक्रवारी आकडे बघितले. सकाळी १६४. दुपारी अडीचला १७८. रात्री झोपेत बीपी उतरायला हवं, ते उतरलंच नव्हतं. मग डायरी उघडली. 'सात, ह्यांनी दूध सांडलं. साडेनऊ, ह्यांची अंघोळ. अडीच, ह्यांना ड्युटी. तीन, मशीन फुगलं, ह्यांना वाटलं कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद करायला आले.'

"बाई, डायरीत तुमचं लिहायचं होतं."

"माझंच आहे की."

चोवीस तासांतला सगळ्यात कमी आकडा संध्याकाळी साडेसहाचा होता, १२२. समोर नोंद नव्हती. तेव्हा अध्यक्ष बोलत होते.

गोळ्या लिहिल्या. त्याखाली लिहिलं, रोज चार ते सहा घराबाहेर.

"लोक काय म्हणतील? सत्कार घेतला आणि बाई हिंडायला लागल्या."

"मग शाल परत करा."

बाई हसल्या. त्यांनी सुर्वे काकूंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अहो डॉक्टर, बसायला काय, रोज बसेन मी," काकू म्हणाल्या. "पण काल दोनदा दाराची कडी काढली त्यांनी. जिन्यातून परत आणलं मी. एकदा रस्त्यावर गेले तर माझे गुडघे धावणारेत का त्यांच्यामागे?"

प्रश्न रास्त होता. या आजारात कडी दिसली की माणूस ती काढतो. दिसली नाही तर बहुतेकदा शोधत नाही. मी म्हटलं, कडी कशाने तरी झाका. पडदा, कॅलेंडर, काहीही. फक्त काकूंना चटकन उघडता आली पाहिजे.

"बघते," बाई म्हणाल्या.

चार महिन्यांनी पुन्हा मशीन लावलं. दिवसाची सरासरी १३४. इको वर्षाने करू, पण धाप कमी झाली होती. डायरीत साडेचारची नोंद होती, 'मी चहा प्यायले. बसून.' तेव्हापासून पेशंटला घेऊन जो येतो, त्याच्याही दंडाला मी पट्टा बांधते. आणि घरी कोणाला ठेवून आलात, ते आधी विचारते.

मध्यंतरी अध्यक्ष भेटले. सन्मानपत्र दर्शनी भागात लावलंय ना, म्हणाले. लावलंय. मी घरी जाऊन पाहिलंय. दाराच्या आतल्या बाजूला, बरोबर कडीवर. गायकवाड रोज अडीचला त्याच्यासमोर उभे राहतात, सोनेरी अक्षरं शेवटपर्यंत वाचतात, खालची अध्यक्षांची सही तपासतात आणि "आज वीकली ऑफ आहे" म्हणून परत येऊन बसतात.