नवरीचा उजवा गाल

ज्या फोटोग्राफरांनी माझं नाव पहिल्यांदा एका लग्नघरी सुचवलं, त्यांची मला भीती वाटत असे. ते रागीट नव्हते. उलट फार कमी बोलत. मला धास्ती होती ती त्यांच्या शब्दाला असलेल्या वजनाची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर काही काळ मी एका प्रसाधनांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते. ती नोकरी सोडून नववधूंचा मेकअप करायचं ठरवलं, तेव्हा सवयीने मी या व्यवसायाचीही पद्धतशीर पाहणी केली. निष्कर्ष सरळ होता. हॉल आणि फोटोग्राफर सगळ्यांच्या आधी ठरतात, आणि मेकअपला कोणाला बोलवावं हे घरचे बहुधा त्यांनाच विचारतात. माझा हात कितीही चांगला असो, काम दुसऱ्याच्या तोंडूनच येणार होतं.

म्हणून शिरवणे गावातल्या त्यांच्या स्टुडिओत मी बरेच महिने जात राहिले. त्यांच्या दिव्यांखाली कोणती पावडर चेहरा राखाडी दाखवते, हे तपासून त्यांना सांगितलं. ते ऐकून घेत, क्वचित हसत. एक दिवस कॅमेरा पुसता पुसता म्हणाले, "करावे गावात लग्न आहे. तुझं नाव देतो. पण घोळ झाला तर लोक तुला नाय, मला विचारनार. कळलं ना, सायंटिस्ट?"

मी मान हलवली. त्या रात्रीपासून लग्नापर्यंत मला नीट झोप लागली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी नवरीच्या जबड्याखाली सगळी प्रसाधनं थोडी थोडी लावून पाहिली. कातडीने काहीच तक्रार केली नाही. संध्याकाळी हळद झाली. करावेसारख्या गावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. सकाळी मी पोहोचले तेव्हा नवरीचा चेहरा, मान, कान सगळं पिवळंधमक होतं. मला ते अपेक्षित होतं. तेलकट क्लेन्झरने हळद हळूहळू उतरते. वेळापत्रक ठरवायला मी खाली फोटोग्राफरांकडे गेले आणि बोलण्यात जरा वेळ गेला.

परत वर आले, तर नवरीचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता.

तिच्याजवळ तिची आत्या उभी होती. आई गेल्यावर हिनेच नवरीला लहानाचं मोठं केलेलं. माझ्याकडे पाहून ती जवळजवळ ओरडलीच, "काल काय फासलंस गो पोरीला? बघ तिचं तोंड!"

मागे वळले तर दारात फोटोग्राफर. त्यांनी नवरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जिना उतरून गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

"आत्याबाई, तोंड धुताना काय लावलं?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण दुरून आल्यासारखा.

"काय नाय. हलद जाईना म्हनून साबन लावला, वर जरासा सोडा चोलला. खायचाच सोडा हाय, काय इख नाय!"

आता शक्यता दोन होत्या. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. कुंकू याच तत्त्वावर बनतं. ही लाली नुसत्या रंगाची असेल तर थोड्या आम्लाने उतरणार होती. पण कातडी खरोखर भाजली असेल, तर तेच आम्ल झोंबून आणखी नुकसान करणार. चूक केली असती तर तिचा चेहरा गेला असता आणि माझं नावही. मी स्वयंपाकघरातून ताक मागवलं, पाणी घालून पातळ केलं आणि कापसाने आधी फक्त मानेला लावलं. नवरीने डोळे घट्ट मिटले होते.

"झोंबतंय?"

"नाय."

मान पुन्हा पिवळी झाली. मग कपाळ, मग डावा गाल. आत्या बघत होती. काय घडलं हे तिला माझ्याइतकंच कळलं. उजव्या गालावर मात्र पिवळ्याखाली लालसर, खरबरीत ठिपका तसाच राहिला. तिथे सोडा जास्तच घासला गेला होता. "इथं आग होते," नवरी हळूच म्हणाली.

आत्या माझ्या कानाशी आली. "कुनाला बोलू नको गो. आजच्या दिवस तरी."

मी हो म्हटलं, आणि म्हणताक्षणी ते हो किती महाग आहे हे लक्षात आलं.

खाली फोटोग्राफर दिव्यांच्या वायरी गुंडाळत होते.

"दादा, लाल रंग उतरला. पण उजव्या गालाला जखम आहे. तिथे जाड बेस लावणार नाही मी. लावला तर बेस फुटेल आणि जखमही चिघळेल. तुम्हाला डाव्या बाजूने घेता येईल?"

"विधी होईस्तोवर नवरी नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते. त्याच्याकडं वळून बघितलं की समोरच्या कॅमेऱ्याला कुठला गाल दिसतो?"

"उजवा."

"मग? भटजींना सांगू, जागा बदला म्हनून?" मग त्यांनी विचारलं, "काय लागलं तिला?"

"घरात काहीतरी लावलं गेलं. माझं नव्हतं."

"कुनी लावलं?"

"ते नाही सांगता येणार."

"मंग मी तुझंच धरनार," ते म्हणाले आणि दिवे उचलून निघाले.

मी वर जाऊन राहिलेली पिवळी हळद क्लेन्झरने काढली आणि मेकअप केला. उजव्या गालावर अगदी पातळ थर दिला. पुढचे सगळे विधी मी मांडवातल्या खांबाआड उभी राहून पाहिले, नवरीपेक्षा जास्त फोटोग्राफरांना. ते समोरची जागा सोडून स्टेजच्या कडेला, नवऱ्याच्या पाठीमागून घुसत होते. व्हिडिओवाला वैतागला, "अरे भाऊ, माझ्या फ्रेममध्ये येतोयस सारखा!" भटजींनीही डोळे वटारले. ते हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं, आणि तेच मला असह्य होत होतं.

जेवणाच्या वेळी त्यांनी मला बोलावून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एक फोटो मोठा करून दाखवला. अंतरपाट दूर झाल्याक्षणीचा. उजवा गाल, त्यावरचा लालसर डाग, स्पष्ट.

"हा एकच टळला नाय," ते म्हणाले. "एडिटमध्ये पुसतो." मग माझ्याकडे न बघता, "आता तरी सांगशील?"

"नाही, दादा."

"बरं."

त्या 'बरं'चा अर्थ मी घरी पोहोचेपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक दिवस लावत राहिले. फोन वाजला की त्यांचाच असेल म्हणून धावायचे, वाजला नाही की पुन्हापुन्हा उघडून बघायचे. स्टुडिओत जाऊन विचारण्याचं धाडस झालं नाही. माझ्या जागी त्यांनी दुसरी कुणी शोधली असेल, हीच शक्यता मला सगळ्यात तर्कसंगत वाटत होती.

मग एका सकाळी त्यांचा मेसेज आला: करंजाड्यातल्या एका हॉलचं नाव, तारीख, वेळ. खाली एकच ओळ, "नाव दिलंय तुझं."

मी "हो" टाइप केलं आणि बोट थांबलं. पुन्हा त्यांचा शब्द, पुन्हा एका अनोळखी मुलीची कातडी, आणि घरभर मायेने काहीबाही लावायला टपलेली माणसं. भीती पहिल्या वेळेपेक्षा कमी नव्हती. मी ते "हो" खोडलं आणि लिहिलं, "येते. आदल्या दिवशी हळदीपासून मी तिथेच असेन आणि हळद मीच उतरवेन, घरच्यांना तसं कळवा."