लोसालीनेबाईंचं ‘नेहमीच’

लोसालीनेबाई आमच्या लिफुका बेटावरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी गणित. अकरा वर्षं त्या एक नियम पाठ करून घेत आल्या होत्या : संयुगात ऑक्सिजनचा ऑक्सिडीकरण अंक उणे दोन, नेहमीच.

एका सोमवारी पिसिला उभी राहिली. तिची आई दवाखान्यात नर्स होती.

"बाई, जखम धुवायचं औषध आहे ना, हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात दोन हायड्रोजन नि दोन ऑक्सिजन. हायड्रोजनचे अधिक दोन, ऑक्सिजनचे उणे चार. संयुगात सगळ्यांची बेरीज शून्य हवी ना, मग ती कशी येणार?"

बाईंनी फळ्यावर मांडून पाहिलं.

"इथे ऑक्सिजन उणे एक," त्या म्हणाल्या. "मी चुकीचं शिकवलं."

मधल्या सुट्टीत मी समजूत घातली, "अहो, किरकोळ अपवाद आहे."

"अपवाद किरकोळ असेल. पण 'नेहमीच' मी म्हटलं होतं."

जूनच्या सुट्टीत त्यांनी जुने हजेरीपट काढले, आमच्याकडे मानाच्या नि दुःखाच्या प्रसंगी नेसतात ती चटई कमरेला गुंडाळली आणि सायकलवर निघाल्या. बेटावर राहिलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या दारात गेल्या. लोक आधी घाबरायचे. बाई आल्या म्हणजे कुणीतरी गेलं असणार.

सेमिसी किनाऱ्यावर होडी रंगवत होता. सगळं ऐकून हसला. "बाई, मी मासे धरतो. उणे एक काय नि दोन काय, मासा येतोच जाळ्यात."

"येऊ दे. पण माझी चूक तुझ्या डोक्यात कशाला राहायला हवी? सोडव."

त्याने होडीच्या बुडावर ब्रशनेच गणित मांडलं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उणे एक आला. "शाळेत हे मला कधी जमलं नव्हतं," म्हणाला, आणि दोन मोठे मासे सायकलला बांधून दिले.

ऑकलंडला गेलेल्यांना बाईंनी पत्रं लिहिली. ऑगस्टमध्ये एकाचं उत्तर आलं : 'बाई, पोटॅशियमच्या एका ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन उणे अर्धा येतो. आता काय करणार?'

बाई खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग खडू घेऊन वर्गावर गेल्या आणि म्हणाल्या, "मुलांनो, आजचं उदाहरण मलाही नवीन आहे. मिळून सोडवू."