इलिंकाबाईंची शाळा, दोहात ऐकलेली

टक, टक, टकटक. आमचे गुरुजी लाकडी पट्टीने टेबलावर ताल धरायचे आणि आम्ही अख्खा वर्ग कविता गायचो. अर्थ नंतर कळायचा, कधी कळायचाच नाही. चाल मात्र हाडात जाऊन बसायची. सत्तरी ओलांडली तरी तो आवाज कानात आहे. कतारला निघालो तो हेच कान घेऊन.

खरं कारण नात. दहा वर्षांच्या झोयाला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मोठ्या सुट्टीत तिला रत्नागिरीला पाठव, असं मी मुलाला, इम्रानला, फोनवर सांगत होतो. तो "इन्शाल्ला" म्हणायचा. पोराच्या इन्शाल्लाचा अर्थ बापाला कळतो. म्हटलं, समोर बसूनच बोलू.

जाणार असाल तर जानेवारीत जा. मुंबईहून विमानाला चारेक तास लागतात. स्वेटर घ्या, तो बाहेरच्या थंडीसाठी नाही, आतल्या एसीसाठी. मेट्रोला दोन रियाल पुरतात आणि मुशैरिब भागातली ट्राम फुकट. मी तीत उगाचच दोन फेऱ्या मारल्या.

इम्रान फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीत राहतो. खालच्या दुकानात पराठा आणि करक, म्हणजे आटवलेला दुधाचा चहा, झकास मिळतो. पहिल्याच सकाळी तिथे विषय काढला.

"अब्बा, तिथे ती करणार काय? इथे स्विमिंग आहे, कोडिंग आहे."

"माझ्याशी बोलेल."

"इंग्लिशमध्ये?"

मी पराठ्याकडे लक्ष दिलं.

तिसऱ्या दिवशी सून नसरीनने वरच्या मजल्यावरच्या इलिंकाबाईंना चहाला बोलावलं. बाई रोमानियाच्या, तिकडच्या कवयित्री, इथे लेकीकडे आलेल्या. कविता म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली, पण त्यांचं इंग्रजी माझ्या कानात शिरेना. झोयाला म्हटलं, "तूच सांग बाय मला."

तिने आईकडे पाहिलं, मग आपल्या दादाला, म्हणजे मला, सांगायला सुरुवात केली. "दादा, त्यांचे आईबाबा पोर्टवर काम करायचे. टाइम नव्हता. म्हणून त्यांना डोंगरात आजोबांकडे ठेवलं. तिथल्या स्कूलमध्ये थंडीत सगळ्यांनी एकेक लाकूड न्यायचं, शेगडीसाठी."

"आणि आजोबा?"

"त्यांना वाचता येत नव्हतं. ह्या पोएम शिकून यायच्या आणि मेंढ्यांचं दूध काढताना त्यांना शिकवायच्या. ते चुकले की ओरडायच्या." झोया हसली. "मग आजोबा वाचायला पण शिकले."

पुढे शहरातल्या हायस्कुलात मुली बाईंच्या डोंगरी बोलीला हसत. एका शिक्षिकेने सांगितलं, ह्याच बोलीत लिही. पहिली कविता त्याच बोलीत झाली, आणि ती आजोबांनी स्वतः वाचली. हे सांगताना बाईंची मान अशी ताठ झाली की मीही सावरून बसलो. मग त्यांनी बोटांनी टेबलावर ताल धरून ती म्हटली. मला शब्द एक कळला नाही, चाल कळली. मी आमच्या शाळेतली एक म्हटली. त्यांनी ताल सोडला नाही.

दारात इम्रान उभा होता, हमद पोर्टवरच्या कामावरून आलेला, अजून सेफ्टी बूट घातलेला. कधीपासून, कोण जाणे.

"झोया, एवढं मराठी तू कधी बोललीस?"

"मला कोणी विचारतच नाही, अब्बा."

ऊर भरून आला, तो लपवायची सोयही नव्हती. इम्रान एअरपोर्टवर सोडायला आला तेव्हा मी सुट्टीचं पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "बघू, अब्बा." इन्शाल्ला म्हणाला नाही, एवढंच घेऊन परत आलो.

आळसामुळे हे लिहायला जून उजाडला. उंच इमारती आता आठवणीत एकमेकींत मिसळल्या आहेत. राहिली ती डोंगरातली शाळा, मी कधीच न पाहिलेली, आणि ती मला मराठीत सांगणारी माझी नात. कतारमध्ये काय पाहिलंत, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, आणि जरा मोठ्यानेच सांगतो.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. ह्या वेळेला मासेवाली येते, म्हणून पातेलं घेऊनच दार उघडलं. इम्रान, हातात बॅगा. त्याच्या मागून झोया.

"अरे, न सांगता? किती दिवस आहात?"

इम्रान बोलणार, तेवढ्यात ती पुढे झाली. "अब्बा परवा जाणार. मी राहणार."