बाईंना ती झाडे कोणी दाखवली

डॉ. वत्सलाबाई गावंडे यांची माझी पहिली भेट अकोल्याच्या कापूस प्रयोगक्षेत्रावर झाली. भातकुलीहून बी.एस्सी.ची प्रमाणपत्रे घेऊन मी मुलाखतीला आलो होतो. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाहीत. "तुम्हाला काय काय येत नाही, ते सांगा," म्हणाल्या. मी गोंधळलो आणि बराच वेळ सांगत राहिलो. नोकरी मला मिळाली. का मिळाली, ते अजून कळलेले नाही.

वर्गातली एकटीच मुलगी म्हणून शिकून, कापसाच्या रोगांवर डॉक्टरेट मिळवून बाई वऱ्हाडात परतल्या, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या जीवनावरचा चित्रपट सगळ्यांनी पाहिला आहे. आज त्यांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो, तर माझ्याही डोळ्यांपुढे आधी त्या नटीचा चेहरा येतो. म्हणून जे घडले तेवढेच लिहितो.

मी रुजू झालो त्या वर्षी मर रोगाने प्रयोगाची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, उभीच्या उभी वाळत होती. निंदणाला, तण काढायला, बाळापूरकडच्या सोनाबाई तायडे होत्या. त्यांच्या घरी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा झाली होती. त्यांनी बाईंना हाक मारली.

"बाई, सारी पऱ्हाटी मरून राहिली, अन् हे दोन झाडं कावून हिरवे हाय?"

बाई तिथेच मातीत बसल्या. त्या दोन झाडांच्या बियांपासून, पुढे कित्येक हंगाम खपून, रोगाला न जुमानणारे वाण त्यांनी तयार केले.

मुंबईची चित्रपट मंडळी आली तेव्हा बाईंनी त्यांना माझ्याकडे पाठवले. मी सगळी हकीकत लिहून दिली. दिग्दर्शक वाचून म्हणाले, "शोध दोघींचा दाखवला तर प्रेक्षक गोंधळतील. ही मजूर बाई काढली तर चालेल?"

मी म्हणालो, "चालेल."

बाईंचा मोठेपणा वाढावा म्हणून म्हणालो, की समोरच्या बड्या माणसाला नाही म्हणवले नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

अमरावतीला पहिल्या खेळाला बाईंना सन्मानाने बोलावले होते. पडद्यावर नायिका एकटीच वाळलेल्या वावरातून धावत गेली आणि त्या झाडांना मिठी मारून रडली. खेळ संपल्यावर बाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या.

"सिनेमातल्या बाई माझ्यापेक्षा हुशार आहेत. त्यांना झाडं आपली आपण दिसली. मला ती सोनाबाई तायडे यांनी दाखवली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो बाईंचा विनय वाटला! बाई हात वर करून पुन्हा काही सांगू पाहत होत्या, टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे जाऊन सगळे कबूल केले. त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "पाहता पाहता मलाही क्षणभर वाटलं, की मला एकटीलाच दिसलं होतं. त्याची भीती वाटली, म्हणून उठले. आता सोनाबाईंकडे चला."

सोनाबाई तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरात मुलीकडे राहत होत्या. बाईंनी त्यांची माफी मागितली. सोनाबाई म्हणाल्या, "मले सिनेमात यायचं नवतंच. पण मले काढा म्हनून कोनं सांगतलं?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चहाचा कप पुढे केला. त्या चहाचा अर्थ मी अजून शोधतो आहे.

बाईंनी चित्रपट कंपनीला तीन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. मग वाणाच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत सोनाबाईंचे नाव त्यांनी छापून घेतले. वरिष्ठांनी हरकत घेतली, तेव्हा म्हणाल्या, "तर मग माझंही काढा." दोन्ही नावे राहिली.

या गौरवग्रंथासाठी बाईंनी एकच अट घातली: सोनाबाईंचेही चार शब्द हवेत. ते टिपून घ्यायला मी मागच्या आठवड्यात गेलो. सोनाबाई म्हणाल्या, "लिहा. बाईची नजर आता कमी झाली म्हंतात. होऊ द्या. पाह्याले मी हाय. बाईनं फक्त तब्येत सांभाळावी, अन् आनखी लय वर्सं मले वावरात हाका मारू द्याव्या."

बाईंना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. याहून चांगले शब्द मला सुचत नाहीत, म्हणून सोनाबाईंच्याच शब्दांखाली मी माझी सही करतो.