सरांचा धूमकेतू

माझं काम सरांनी स्वतःच्या नावावर वाचून दाखवलं, तेव्हा मी त्याच सभागृहात समोर बसले होते.

सर म्हणजे परभणीच्या आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाचे अध्यक्ष, कॉलेजातून निवृत्त झालेले. मी झरीला सासरी राहते आणि जिंतूरला बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवते. घराच्या गच्चीवर माझी दुर्बीण आहे. त्या वर्षी दूरच्या एका दीर्घिकेत सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, दिसल्याची बातमी आली. भाकरी थापून झाल्या की मी गच्ची गाठायची आणि दुर्बिणीला बारीक रेघांची काच लावून त्या ठिपक्याच्या उजेडाची रंगीत पट्टी पाडायची. वारं सुटलं की पट्टी विस्कटायची. कुठं मळणीयंत्र चालू असलं की धुरळ्यानं आभाळ गढूळ. शेवटी एका संध्याकाळी पट्टी नीट आली. तिच्यात हायड्रोजनची खूण नव्हती आणि तांबड्या भागात सिलिकॉनची काळी खाच होती. म्हणजे श्वेत बटूचा, इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याचा स्फोट! खाली येऊन सासूबाईंना सांगितलं. "इतक्या लांबचं कळायलंय तुला?" म्हणत त्यांनी शिरा केला.

पट्टीचा फोटो आणि तिचा अर्थ, दोन्ही मी विश्वासानं सरांना पाठवलं. त्यांनी ते विज्ञान मेळाव्यात मांडलं, माझं नाव न घेता. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, तर चार माणसांदेखत हसून म्हणाले, "बाई, तुमी फोटो काढला. अर्थ लावायला अक्कल लागते." वर मला पाहुण्यांच्या चहाचं बघायला सांगितलं. मी बघितलं. सरांचा कप सगळ्यात शेवटी दिला, गार करून.

तेवढ्यानं माझं पोट भरणार नव्हतं. बसमध्ये, वर्गात, कणीक मळताना मी त्यांना उत्तरं देत राहिले.

दोन हिवाळे गेले. एके दिवशी सरांचे दोन फोटो फोनवर आले. एका ठळक ताऱ्याच्या आसपास धुरकट डाग होता. नवा धूमकेतू सापडला, आदल्या दिवसापेक्षा सरकलाय, तुमच्याकडं आभाळ काळं आहे तर पहाटे बघून दिसतो का सांगा, असं लिहिलं होतं. मी पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तारा चौकटीच्या मध्यापासून जेवढा डावीकडं, तेवढाच डाग उजवीकडं. दुसऱ्या फोटोत दुर्बीण थोडी हलली होती, तारा सरकला होता आणि डाग बरोबर उलटा सरकला होता. ताऱ्याचाच उजेड भिंगाच्या काचेत उलटून पडला होता. असल्या डागाला आम्ही भूत म्हणतो.

मी उत्तर लिहिलं, "मला दिसला नाही, सर. पण मी आपली फोटो काढणारी. अर्थ तुमी लावा." एकही अक्षर खोटं नव्हतं. माझी दुर्बीणच कमी पडली असं ते समजणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तसंच झालं. पेपरात बातमी आली, मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. मी ठेवणीतली साडी नेसून गेले आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. पुढं सरांनी जिथं शोध कळवला होता तिथून उत्तर आलं की असा धूमकेतू नाही, हे प्रतिबिंब आहे. मंडळाच्या बैठकीत सभासद गोंधळले. कुणीतरी समजावून सांगा म्हणाले, तशी मी उठले. दोन्ही फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले आणि सावकाश, बारावीच्या वर्गाला सांगावं तसं, सगळं सांगितलं. सर पहिल्याच रांगेत होते.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "तुमाला आधीच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का न्हाईत?"

"दिसतो का, एवढंच विचारलं होतं तुमी."

त्यांनी अध्यक्षपद सोडलं. कॉलेजातली पोरं त्यांना अजून भूतवाले सर म्हणतात. म्हातारा माणूस हाय, सोड आता, असं सासूबाई म्हणतात. पण त्या मेळाव्याच्या पुस्तिकेत माझा सुपरनोव्हा आजही त्यांच्याच नावावर आहे, आणि ते दुरुस्त करायला त्यांना कुणी अडवलेलं नाही.

मागच्या आठवड्यात झरीच्या फाट्यावर बस थांबली, तर सर खिडकीशी बसलेले. मला पाहून त्यांनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी जिंतूरपर्यंत दांडी धरून उभी राहिले.